पत्रिकेतली वधू आणि तिकिटावरची बायको

माझ्या भाचीनं मुंबई–गोवा क्रूझचं बुकिंग केलं आणि तिसऱ्याच दिवशी त्याच खोलीचं भाडं उतरलं. आठवडा झाला, पोरगी फोन कानाला लावून बसली आहे. पलीकडून आधी गाणं वाजतं, मग कुणीतरी गोड आवाजात सांगतं की फरक मिळेल, पण कागदपत्रं पाठवा आणि नावात एका अक्षराचाही बदल नको. शेवटी वैतागून मला म्हणाली, "मावशी, तुम्हीपण गेला होतात ना बोटीनं? तुमच्या वेळी असली कटकट नसेल."

होती बाई. आमच्या वेळची कटकट ऐकलीस तर तुझ्या त्या गोड आवाजाला तू पेढे पाठवशील. म्हणून हे लिहायला बसले. बोटीनं गोव्याला जायचं स्वप्न बघणाऱ्यांना यातले दर काही उपयोगाचे नाहीत, कारण ती आगबोट कधीच बंद झाली. पण तिकीट काढल्यावर भाडं उतरलं तर काय होऊ शकतं, हे कळायला हरकत नाही.

शहर तेव्हा औरंगाबाद होतं आणि दिसामासांनी वाढत होतं. वाळूजच्या माळावर शेडवर शेड उठत होत्या, पहाटेपासून कंपन्यांच्या बसगाड्या पोरांना गोळा करत फिरायच्या. सिडकोत इतकी एकसारखी घरं झाली होती की पाहुणे चुकून शेजाऱ्याकडे शिरायचे आणि पाणी पिऊन झाल्यावर विचारायचे, "अरविंद कुठं दिसत नाही?" अरविंद म्हणजे आमचे हे. स्कूटरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. माणूस सोन्यासारखा, खोड एकच. वस्तू विकत घेतली की पुढच्या तीन दुकानांत तिचा भाव विचारायचा. आधी नाही, नंतर! आधी विचारला तर फायदा तरी होईल. नंतर विचारून नुसता जीव जळतो, आणि तो जाळून घेणं ह्यांना फार आवडायचं. लग्नाचा शालू गुलमंडीवर घेतला आणि बोहल्यावर उभे राहीपर्यंत ह्यांना कळलं होतं की तोच टिळक पथावर साठ रुपयांनी कमी होता. मंगलाष्टकं चालू असताना हे अंतरपाटाच्या कडेनं माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं. ते शालूकडे बघत होते.

त्याच बोहल्यावर माझं नाव गेलं. माहेरची मी मंदाकिनी, सगळ्यांची मंदा. आमच्यात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत. सासूबाई मूळच्या फुलंब्रीच्या, बोलायला फटकळ. त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, "पोरगा कारखान्यात, अन् घरात मंदा? धंदा मंदा झाला म्हंजे कुणाच्या तोंडाकडं बघायचं? नाय बाई. भाग्यश्री ठेवा." ठेवली. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काही म्हटलं असतं असं नाही. वीस-बावीस वर्षांची होते, ताटाकडे बघून हसले होते.

गंमत पुढं झाली. सासूबाई स्वयंपाकघरातून "भाग्यश्री, ए भाग्यश्री" हाका मारायच्या आणि मी समोर बसून मेथी निवडत राहायचे, कारण ती मी आहे हे लक्षातच यायचं नाही. पंधरा दिवसांत त्यांनी शेजारीपाजारी सांगून टाकलं की सून गुणाची आहे, पण जरा बहिरी आहे. सासरे "सूनबाई" म्हणायचे. हे "अगं" म्हणायचे, तेही घरात कुणी नसताना. थोडक्यात, दोन महिन्यांत मंदाला कुणी हाक मारली नाही आणि भाग्यश्रीनं ओ दिली नाही.

कारखान्यानं त्या वर्षी पहिल्यांदा प्रवासभत्ता दिला होता आणि मार्चच्या आत वापरला नाही तर तो बुडणार होता. ह्यांच्या डोळ्यांदेखत पैसे बुडणं अशक्य. बरोबरीचे लोक अजिंठा बघून येत होते, हे म्हणाले, "अजिंठा पळून जात नाही. आपण बोटीनं गोव्याला जाऊ." मी तोवर पाणी पाहिलं होतं ते नाथसागराचं आणि एक दिवसाआड येणाऱ्या नळाचं. मला आनंदानं रात्री झोप लागेना.

पैठण गेटजवळ बशीरभाईंचं प्रवासी तिकिटांचं दुकान होतं. एक टेबल, एक फोन आणि भिंतीवर जहाजाचं कॅलेंडर. वरच्या डेकचं तिकीट माणशी बहात्तर रुपये. बशीरभाईंनी पावतीपुस्तक उघडून विचारलं, "भाभी का नाम?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. घरचा हुकूम आठवून ह्यांनी सांगितलं, "भाग्यश्री." तिकीट झालं.

आता खोडीप्रमाणे हे दुसऱ्या दिवशी क्रांती चौकातल्या दुसऱ्या एजंटकडे भाव विचारायला गेले. तिथं भिंतीवर नवी नोटीस: नवविवाहित जोडप्यांना वरच्या डेकच्या भाड्यात पाव सूट, लग्नाला तीन महिने झालेले नसावेत, पुरावा म्हणून लग्नपत्रिका दाखवावी. छत्तीस रुपये! हे सायकल हाणत पैठण गेटला आले.

"बशीरभाई, कालच्या तिकिटाचा फरक द्या."

"अरविंदसाब, टिकट निकल गया सो निकल गया," बशीरभाई म्हणाले. "फरक होना तो पत्रिका लेके जाव. जहाज पे एक साब रैता, पर्सर बोलते उसकू. टिकट, पैसा, सब वोईच देखता. वो देंगा तो देंगा. मेरे हात में कुछ बी नै."

ह्यांनी घरी येऊन पत्रिका कपाटातून काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि ती पिशवी बनियनच्या खिशात. दागिने बॅगेत वरच ठेवले होते.

निघायच्या दिवशी शहरात बंद होता. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न कितीतरी वर्षं पेटलेला, मोर्चे आणि बंद यांची सवय झालेली. रिक्षा मिळणार नव्हती. मनमाडची गाडी चुकली तर बोट चुकणार, म्हणून आम्ही सकाळीच सिडकोतून चालत निघालो. ह्यांच्या डोक्यावर वळकटी, माझ्या हातात बॅग आणि दशम्या-चटणीचा डबा. वाटेत समोरून मोर्चा आला. निळे झेंडे, घोषणा, पुढं बायका. आम्ही कडेला उभे राहिलो, तेवढ्यात त्या बायकांतून खणखणीत हाक आली, "मंदे! अगं ए मंदे!"

माझी कॉलेजातली मैत्रीण सुनंदा. एका बाकावर बसून आम्ही बी.ए. केलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला हाक मारली होती आणि मी "ओ" म्हणून ओरडले ते इतक्या जोरात, की दोन पोलीस वळून बघायला लागले. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. सुनंदा रांगेतून बाहेर आली, बॅग बघून म्हणाली, "कुठं निघालीस?" मी बोटीचं सांगितलं आणि, तोंडाला फाटक नाही ना, नाव बदलल्याचंही सांगितलं.

तिनं कपाळाला हात लावला. "आम्ही एका नावासाठी इतकी वर्षं लाठ्या खायलोत, जेलात जायलोत, घरं जळलेली बघितलीत. आणि तू तुझं नाव तांदळात हरवून आलीस व्हय?"

ती हसत होती, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मी काही बोलायच्या आत मोर्चा पुढं सरकला आणि ती पळत जाऊन तिच्या जागी उभी राहिली. स्टेशनपर्यंत मी मागं मागं पडत गेले. ह्यांना वाटलं, माझे पाय दुखतायत. त्यांनी माझ्या हातातली बॅगही घेतली, वळकटीवर ठेवली आणि चालायला लागले.

मनमाडपर्यंत लहान रुळांची गाडी. ती इतकी सावकाश चालायची की लोक उतरून शेतातल्या ओळखीच्या माणसाशी बोलून परत चढायचे, असं म्हणत. मनमाडला गाडी बदलून मुंबई, संध्याकाळी परळला नणंदेकडे मुक्काम. सकाळी टॅक्सीनं भाऊच्या धक्क्यावर. टॅक्सीचे पैसे दिल्यावर ह्यांनी दुसऱ्या टॅक्सीवाल्याला परळचं भाडं विचारलं, हे सांगायला नकोच.

बोट पाहिली आणि माझी बोबडीच वळली. इतकी मोठी गोष्ट पाण्यावर उभी राहते हे मला पटेना. खाली लोअर डेक, वर अपर डेक. वर म्हणजे खोली वगैरे नाही. कडेनं बाकडी, मधे मोकळी जागा. चढल्या चढल्या सगळे पळत सुटले आणि चादरी टाकायला लागले. जो चादर टाकेल त्याची जागा. हे वळकटी घेऊन असे धावले की आम्हाला कठड्याजवळची, वाऱ्याची, बटाटेवड्याच्या कँटीनपासून चार पावलांवरची जागा मिळाली. दहाच्या सुमाराला भोंगा झाला, दोर सुटले आणि मुंबई हळूहळू मागं सरकायला लागली. मी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. हे म्हणाले, "घाबरलीस?" मी म्हटलं, "नाही, बोटीला धरून ठेवलंय."

शेजारी घोंगडीवर एक म्हातारी बसली होती. आमचं बोलणं ऐकून म्हणाली, "संबाजीनगर का औरंगाबाद काय म्हनता तिकडचे दिसता." निघाली पिशोरची! धुरपदाबाई नाव. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं; धाकटा पोरगा गोव्यात बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली, त्याला भेटायला एकटी निघालेली. तिकीट खालच्या डेकचं होतं, पण खाली तेलाचा वास लई म्हणून वर येऊन बसली होती. आम्हाला इतका आनंद झाला की दशम्यांचा अर्धा डबा तिलाच दिला.

आणि मग ते पर्सरसाहेब आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशाला दोन पेनं. हे उठले, बनियनमध्ये हात घालून पिशवी काढली. "साहेब, नवविवाहितांची सवलत. तिकीट आधी काढलं, सूट नंतर कळली."

साहेबांनी पत्रिका उघडली आणि मोठ्यानं वाचली. "वर, चिरंजीव अरविंद. वधू, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी मंदाकिनी. बरं." मग तिकीट वाचलं. मग परत पत्रिका. मग माझ्याकडे पाहिलं. "तिकिटावर भाग्यश्री. मंदाकिनीला घरी ठेवून आलात काय?"

आजूबाजूच्या चादरींवरची सगळी डोकी वर झाली.

"एकच आहे साहेब," हे घाईनं म्हणाले. "लग्नात नाव बदललं."

"हे सगळेच सांगतात. पत्रिका एकीची आणि बोटीत दुसरी, अशी जोडपी मी पुष्कळ बघितलीत." साहेबांचा आवाज चढला. "मी कागद बघतो. दोन कागदांवर दोन बायका झाल्या तर गडबड आहे. जयगडला होड्या लागतील. तोवर माझी खात्री पटली नाही, तर दोघांना होडीत बसवून उतरवीन. काय?"

त्या होड्या म्हणजे काय प्रकार, ते मी मघाशीच कुणाकडून तरी ऐकलं होतं. बंदर उथळ असलं की बोट लांब समुद्रात उभी राहते आणि हेलकावणाऱ्या होडीत उडी मारून उतरायचं. शेजारची एक बाई नवऱ्याला म्हणाली, "पळून आलेली दिसतायत." नवरा म्हणाला, "तो पळण्यातला दिसत नाही गं." तेवढ्यात धुरपदाबाई घोंगडीवरून उठली.

"ए साहेबा, डोळे फुटले का तुजे? पोरीची हळद बी उतरली नाय अजून." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खरंच नाव बदललं व्हय गं तुजं? आमच्यात नाय बाई बदलत. आमी मेंढराला सुदिक एकदाच नाव ठेवतो."

डेक हसला. मीही हसले असते, पण ते वाक्य सुनंदाच्या वाक्याशेजारी जाऊन बसलं. एकीनं मोर्च्यात सांगितलं, एकीनं घोंगडीवर. आणि मी बी.ए. झालेली बाई, मेंढराइतकीही माझ्या नावाची राखण मला करता आली नव्हती.

साहेब जरा नरमले होते. पण जाता जाता म्हणाले, "औरंगाबादचे ना तुम्ही? तिकडं नावावरून सारखी आंदोलनं. एवढं काय असतं हो नावात?"

मला कुठून बळ आलं माहीत नाही. "एवढं काही नसतं, तर साहेब, तुम्ही आमचं तिकीट कशाला अडवलं असतं?"

सगळा डेक "वा!" म्हणाला. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, मला नीट पाहिलं. मग ह्यांना म्हणाले, "बरं. नवरा आहात ना? बायकोला हाक मारा बघू."

"अगं," हे म्हणाले.

"अगं सगळ्यांच्याच बायकोला म्हणतात. नावानं मारा."

आता आली का पंचाईत! ह्यांनी मला नावानं कधी हाकच मारली नव्हती, ना ह्या ना त्या. आणि कोणतं नाव घ्यायचं? मंदा म्हटलं तर तिकीट खोटं, भाग्यश्री म्हटलं तर पत्रिका खोटी. कान लालबुंद झाले बिचाऱ्यांचे. लोकांना मात्र ऊत आला. "नाव घ्या, नाव घ्या!" कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. "असं नाही, उखाण्यात घ्या!" लग्नात ह्यांनी उखाणा टाळला होता, घशाला त्रास आहे सांगून. इथं घसा दाखवायची सोय नव्हती. ह्यांनी समुद्राकडे पाहिलं, कँटीनकडे पाहिलं, आणि एका दमात म्हणाले,

"कारखान्यात जातो सकाळी, वाजला की भोंगा,
मंदाचं नाव घेतो, आता तिकिटाचा फरक सांगा!"

लोक आडवे पडले हसून. मला हसू आलं नाही. मला ऐकू आलं ते एवढंच की ह्यांनी मंदा म्हटलं. गोंधळात, घाईत, विचार न करता जे नाव तोंडात आलं, ते माझं होतं. म्हणजे मनातल्या मनात हे मला मंदाच म्हणत होते. इतकं बरं वाटलं, की मी तिथंच ह्यांचा हात धरला असता. माणसं होती म्हणून कठडा धरला.

"आता बाई!" धुरपदाबाईनं आरोळी दिली. "घे की गं, लाजतीस काय?"

मी उभी राहिले. उखाणा पाठ केलेला नव्हता, जुळवलेलाही नव्हता. तो आला.

"तांदळाच्या ताटात सासरनं लिहिलं नाव नवं,
अरविंदराव पसंत आहेत, पण नाव मला माझंच हवं."

ह्या वेळी हसायला जरा उशीर झाला. बायकांनी आधी टाळ्या वाजवल्या, पुरुषांनी मग. पर्सरसाहेबांनी बाकड्यावर बूड टेकवलं आणि काखेतलं नियमांचं पुस्तक उघडलं. "खात्री पटली माझी. सवलत मंदाकिनीला देता येईल. पण मग तिकिटावर मंदाकिनी पाहिजे. नाव-दुरुस्तीची फी आहे, चाळीस रुपये. सवलत छत्तीस."

सगळ्या डेकनं मनातल्या मनात वजाबाकी केली.

साहेबांनीच मग चांगल्या मनानं सल्ला दिला. "कशाला भरता? सवलत सोडून द्या. तिकीट आहे तसं राहू दे. भाग्यश्रीबाई म्हणून आरामात गोव्याला जा, वाद मिटला."

मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. काय बघायचं? शालूच्या साठ रुपयांसाठी मंगलाष्टकं वाया घालवणारा माणूस. भाडं कमी करून घ्यायला चार रुपये जास्त भरायचे, हे त्यांच्या डोक्यात बसणारच नव्हतं, आणि मी भांडणारही नव्हते. समुद्राकडे बघत मी म्हटलं, चला, एवढं तर झालं, एकदा तरी मोठ्यानं सांगितलं.

कडेला मला ह्यांची बोटं दिसत होती. अंगठा एकेका पेरावर टेकत होता, त्यांची हिशेबाची सवय. एकदा मोजलं, परत मोजलं. मग हात बनियनमध्ये गेला.

"लिहा साहेब," हे म्हणाले. "मंदाकिनी. कि ऱ्हस्व, नी दीर्घ. नीट लिहा."

साहेबांनी भाग्यश्रीवर रेघ मारली, वर मंदाकिनी लिहिलं, सही केली आणि शिक्का उठवला. ह्यांनी ते तिकीट फुंकर घालून वाळवलं. धुरपदाबाई मला म्हणाली, "नवरा चांगला हाय गं. येडा हाय, पर चांगला हाय." दुपारी आम्ही तिघांनी वडे खाल्ले. वड्यांचा भाव ह्यांनी दुसरीकडे विचारला नाही, कारण समुद्रात दुसरं दुकान नव्हतं.

रात्रभर बोट डुलत राहिली, बऱ्याच जणांना लागली. मला नाही लागली. ज्यांना लागते त्यांच्यासाठी सांगते: पोट रिकामं ठेवू नका, बाकड्यावर आडवं पडून राहा आणि लिंबू हुंगत राहा. सकाळी पणजी आली. मांडवीच्या दोन्ही काठांना हिरवंगार. आमच्या डोळ्यांना एवढ्या हिरव्याची सवय नव्हती. धुरपदाबाईचा पोरगा धक्क्यावर आला होता, तिला बघून लहान मुलासारखा रडला.

गोव्याबद्दल तुम्ही सगळं वाचलेलं आहेच, मी काय सांगू? धक्क्याजवळच्या लॉजमध्ये दोन रात्री राहिलो. बसनं मंगेशीला जाऊन आलो, कळंगुटला समुद्रात गुडघ्यापर्यंत उतरलो. शाकाहारी माणसाचे हाल होतात. आम्ही उसळ-पाव शोधत फिरलो आणि तो मिळाला की दोन वेळचा खाल्ला. काजू घेतले, आणि हो, पुढच्या दुकानात स्वस्त होते. एकच सांगायचं राहिलं. लॉजच्या वहीत नावं लिहायची होती. हे वही ओढून लिहायला लागले, मी मागून डोकावले. दोन नावं लिहिली होती, अरविंद आणि मंदाकिनी. इथं कुणी पत्रिका मागितली नव्हती, सवलतही नव्हती. माझ्याकडे न बघता ह्यांनी वही बंद केली.

परतीला एसटी. पणजी ते पुणे, पुण्याहून नगरमार्गे औरंगाबाद. हाडं खिळखिळी झाली. पुन्हा कुणी हा मार्ग धरणार असेल तर पुण्यात एक मुक्काम करा, पैसे वाचवू नका.

सासूबाई दारातच उभ्या. "भाग्यश्री, पाय धुऊन आत ये. किती वाचलं रे भाड्यात?"

"छत्तीस वाचले," हे म्हणाले. "चाळीस भरले."

सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. ह्यांनी सगळं सांगितलं, उखाणा सोडून. मग शांतपणे म्हणाले, "आई, शिक्क्यानिशी मंदाकिनी झालंय आता. परत भाग्यश्री करायचं तर परत चाळीस."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी उंबऱ्याबाहेरच उभी होते, आत जावं की नाही ते मला कळेना. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार.

"फुकट आलेत का चाळीस?" त्या म्हणाल्या. "राहू दे मग मंदाच. चल आत."

ह्यांना आईची नस बरोबर ठाऊक होती. त्या दिवसापासून मी मंदा आहे. हाक मारल्यावर लगेच ओ देते, त्यामुळे सूनबाईचा बहिरेपणा गोव्याच्या हवेनं गेला असं सासूबाईंनी शेजारी सांगितलं. सुनंदाला पत्र लिहून कळवलं, तिचं उत्तर आलं एका ओळीचं, "तुझं झालं, आता आमचं व्हायचंय." ते व्हायला आणखी वर्षं गेली. काजू आठवड्यात संपले, उन्हानं काळवंडलेला रंग पावसाळ्यापर्यंत उतरला. भाची, तू फरक मागच. पण तुझ्या त्या गोड आवाजाला आधी विचार, फी किती?

गोव्याहून आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी मी आणि सासूबाई डाळ निवडत बसलो होतो. हे कामावर, सासरे झोपलेले. डाळीतून वर न बघता त्यांनी विचारलं, "ती फी काय फक्त नव्या लग्नाचीच घेतात का गं? जुन्याची नाय घेत?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. इतकी वर्षं सगळं गाव त्यांना रुक्मिणीबाई म्हणत होतं.

"तुमचं माहेरचं काय होतं, आई?"

"यमुना." त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला. "पन्नास वर्सं झाली असतील."

मी म्हटलं, "तुमची फी माझ्याकडे लागली, यमुनाबाई."

त्यांनी दचकून खोलीच्या दाराकडे पाहिलं, सासरे जागे तर नाहीत ना म्हणून. मग सूप खाली ठेवून माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "परत म्हण."